तुटक रेघेवरचं गाव

कॅनडाहून आलेल्या नकाशाच्या फॅक्सची सारखी गुंडाळी होत होती. म्हणून कृष्णकांत टिपणिसांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, मिठाचा सट, तांब्या आणि मितालीचं भूगोलाचं पुस्तक ठेवलं आणि जाहीर केलं, "कुठे राहायचं ते पाच मिनिटांत सांगतो."

"पाच मिनिटांत कशाला? सावकाश बघा," सुनीता म्हणाली. "आयुष्य काढायचंय तिथे."

टिपणीस तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर होते. कॅनडाच्या पार मध्यावर, जिथे नकाशात नावांपेक्षा मोकळी जागाच जास्त दिसते, तिथल्या एका खतकारखान्याने मुंबईत मुलाखती घेतल्या आणि तळोज्यातून दोघांना उचललं. एक टिपणीस आणि दुसरा त्यांच्याच खात्यातला ऑपरेटर, रोडपालीचा प्रभाकर भगत. डिसेंबरात निघायचं होतं. वर्षभर घर कंपनी भाड्याने देणार होती, पण दोनपैकी गाव कुठलं ते ज्याचं त्याने कळवायचं. हॅमरफील्ड कारखान्यापासून चाळीस किलोमीटर आणि भाडं जास्त. विलोबेंड पाच किलोमीटर आणि भाडं निम्मं.

सुनीताची अट एकच होती आणि ती तिने फॅक्स यायच्या आधीच सांगून ठेवली होती. "मला एकटीला घराबाहेर पडता आलं पाहिजे. बस असो, ट्रेन असो. कोणी नेईल म्हणून वाट बघत मी बसणार नाही. एकदा बसले तेवढं पुरे."

त्या 'एकदा'ची गोष्ट अशी, की सात वर्षांपूर्वी दादरची भाड्याची खोली सोडून टिपणिसांनी नवीन पनवेलला फ्लॅट घेतला, तो नकाशावरची एक तुटक रेघ बघून. तुटक रेघ म्हणजे होऊ घातलेली मुंबईची लोकल. "दोन वर्षांत दारात गाडी," ते म्हणाले होते. सुनीता तेव्हा दादरच्या एका वाचनालयात कामाला होती. सभासदांची नावं सोडाच, कोणाला कुठलं पुस्तक आवडणार नाही हेही तिला पाठ होतं. दीड वर्ष तिने एसटीने ये-जा केली, दोन तास जायला आणि अडीच यायला. मग एके दिवशी मुकाट्याने राजीनामा दिला. आता चौऱ्याण्णव साल होतं आणि लोकल बेलापूरपर्यंत पोचली होती. टिपणिसांच्या हिशेबी ती आल्यातच जमा होती.

एवढं होऊनही त्यांचा आत्मविश्वास तसूभर कमी झालेला नव्हता. कॉलनीतल्या कोणाला जागा कामोठ्यात घ्यावी की कळंबोलीत असा प्रश्न पडला, की तो रविवारी टिपणिसांकडे यायचा. ते नकाशा काढायचे, तुटक रेघांवरून बोट फिरवायचे, आणि आलेला माणूस चहा संपायच्या आत आपण श्रीमंत झालो अशा समजुतीत उठायचा.

"हे बघ," त्यांनी फॅक्सवर बोट ठेवलं. "हॅमरफील्डला जाड रेघ. म्हणजे रेल्वे आलेली. झालं, तिथले भाव चढले. आणि हे विलोबेंड. काय दिसतंय?"

"तुटक रेघ," मिताली म्हणाली. ती नववीत होती आणि तिला बापाच्या परीक्षेत नेहमी पैकीच्या पैकी मार्क पडत.

"शाब्बास. म्हणजे येणार. आजच्या भाड्यात उद्याची रेल्वे."

"कशावरून?" सुनीताने विचारलं. "खाली खुणांची यादी असते ना? ती कुठाय?"

यादीच्या जागी फॅक्सवर नुसता काळा पट्टा उमटला होता.

"यादी कशाला लागते? तुटक म्हणजे प्रस्तावित. जगभर तेच."

"इथली प्रस्तावित सात वर्षं येतेय."

"ते आपल्याकडे. तिकडे रेघ मारली की तिसऱ्या महिन्यात गाडी धावते. कॅनडा आहे तो."

कॅनडा सुनीतानेही पाहिला नव्हता. शिवाय टिपणीस एकदा बोलायला लागले, की शंका काढणाऱ्यालाच आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागायचं. विलोबेंड ठरलं.

संध्याकाळी प्रभाकर भगत आला. "साहेब, तुमी कंचा गाव टाकला?"

"विलोबेंड. डोळे मिटून टाक."

"टाकतो. पन ही तुटक रेग बगून मना जरा भ्या वाटते. आमच्या शेतावरशी अशीच रेग मारलेली. रेग कागदावं ऱ्हायली न शेत गेला." मग त्याने फॅक्सवर वाकून एका वाटोळ्या डागावर बोट ठेवलं. "ह्या काय हाय?"

"तळं."

"मासं असतीन?"

"असतील की."

"मंग झाला. माझा पन विलोबेंड."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून दोघांचं उत्तर फॅक्सने रवाना झालं आणि दसऱ्याच्या आत ही बातमी कॉलनीभर झाली. टिपणिसांनी पनवेलात बसून कॅनडातली मोक्याची जागा हेरली, हे लोकांना इतकं आवडलं की मित्रमंडळाने त्यांचा सत्कारच ठरवला. नुसता सत्कार नको म्हणून त्याला भाषण जोडलं. विषय: परदेशात जागा कशी निवडावी. कॉलनीच्या फळ्यावर हा विषय रंगीत खडूने लिहिला गेला आणि टिपणीस नवीन सफारी शिवायला टाकून आले.

सत्काराच्या दिवशी दुपारी पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन आला. फॅक्स पुढे जातो आणि मूळ कागद मागून टपालाने येतात, तेच हे कागद. टिपणीस भाषणाची तयारी करायला गच्चीवर गेले होते. पाकीट सुनीताने फोडलं.

नकाशा रंगीत होता आणि खाली खुणांची यादी स्वच्छ छापलेली होती. जाड रेघ म्हणजे रेल्वे. तुटक रेघ म्हणजे उखडून टाकलेली रेल्वे, सन एकोणीसशे एकसष्ट. सुनीताने ते दोनदा वाचलं, मितालीकडून वाचून घेतलं आणि तरीही खात्रीला शब्दकोश काढला. शब्दकोशातही रेल्वे उखडलेलीच होती.

सोबत दोन्ही गावांची माहिती होती. विलोबेंडची एकच पानभर: धान्याच्या कोठाराचा फोटो, लोकसंख्या एकशे चाळीस, बससेवा नाही. हॅमरफील्डची पुस्तिका सोळा पानांची होती, बसच्या वेळांसकट. अकराव्या पानावर वाचनालय. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मदतनीस नेमणे आहे. सुनीता त्या पानावर बराच वेळ थांबली. शेवटी पत्र होतं: गाव बदलायचं असल्यास तीस नोव्हेंबरपर्यंत कळवावं, आणि प्रत्येक घराला कंपनी एक मोटार देईल, तेव्हा लायसन काढून आणावं.

तिला रडू यायला हवं होतं. पण आला तो राग, चांगला सणसणीत. पुन्हा वर्षानुवर्षं घराच्या खिडकीत बसायचं, तेही बर्फ बघत! तिने साडी बदलली, नकाशा पर्समध्ये घातला आणि सत्काराचा हॉल गाठला.

टिपणीस रंगात आले होते. शाल खांद्यावर होती आणि फळ्यावर तुटक रेघांचं जाळं पसरलं होतं. सुनीताने पहिल्या रांगेतून उठून नकाशा त्यांच्या हातात दिला आणि यादीवर नखाने खूण केली. टिपणिसांनी वाचलं. पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा केला आणि अध्यक्षांचाही पेला रिकामा केला.

"मंडळी," ते म्हणाले, "आत्ताच ताजी माहिती हाती आली आहे. आपल्याकडे रेल्वे यायची आहे. विलोबेंडला ती आली, पन्नास वर्षं धावली आणि काम संपल्यावर गेलीसुद्धा. म्हणजे ते गाव आपल्या किती पुढे आहे, याचा विचार करा."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या दोघांनी तर हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. सुनीता मात्र हात न हलवता बसून राहिली.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून ठेवली आणि म्हणाली, "उद्या फॅक्स करा. हॅमरफील्ड."

"आता? दीडशे माणसांसमोर बोललोय मी. लोक काय म्हणतील?"

"लोक नवीन पनवेलला राहणार आहेत. विलोबेंडला मला राहायचंय."

"अगं, कंपनी मोटार देतेय ना? मी शिकतो. म्हणशील तिथे नेईन तुला."

"म्हणजे परत कोणीतरी नेणार."

"मग तूही शीक," टिपणीस उदारपणे म्हणाले. बायको गाडी शिकणार यावर त्यांचा विश्वास होता अशातला भाग नव्हता. वाद मिटत होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

प्रभाकरच्या भावाची जीप होती. नवरा-बायको दोघांनी शिकाऊ लायसन काढलं आणि रोज सकाळी कळंबोलीच्या लोखंडबाजाराच्या रिकाम्या रस्त्यांवर प्रभाकरची शिकवणी सुरू झाली. खरी परिस्थिती प्रभाकरलाही सांगून झाली होती, पण तो बधला नाही. "रेल्वे नाय तर नाय. तला हाय ना? ते कुनी उखडला नाय ना?" एवढंच त्याने विचारून घेतलं.

टिपणीस क्लच सोडण्याआधी क्लचचं शास्त्र समजावून सांगत. गाडी चालू असताना समोरच्या रस्त्याची आखणी कशी चुकली आहे ते दाखवत. तिसऱ्या दिवशी ते असंच एका हाताने दाखवत असताना जीप रस्ता सोडून माळावर गेली आणि 'प्रस्तावित उद्यान' अशी पाटी मुळासकट आडवी झाली.

प्रभाकर खाली उतरून पाटीकडे बघत राहिला. "धा वर्सं उबी होती. प्रस्तावित कायतरी जाग्यावरशी हललेला आज पयल्यांदा बगला."

सुनीता गाडी चालवताना काहीच बोलत नसे. ती प्रभाकरचं ऐकायची, आरशात बघायची आणि गिअर टाकायची. दुसऱ्या आठवड्यात तिने जीप कळंबोलीहून थेट पनवेलच्या भाजीबाजारापर्यंत आणली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत नेली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की मेथी निवडता निवडता ती गात होती, आणि मिताली अभ्यास सोडून आईकडे बघत बसली.

नोव्हेंबरच्या अखेरीला पेणला आरटीओची परीक्षा झाली. दोन पिंपांच्या मधून गाडी उलटी आणायची होती. सुनीताने आणली, उतरली आणि पदर सारखा करून बाजूला उभी राहिली. टिपणिसांनी आधी खाली उतरून पिंपांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि पिंपं मुळात चुकीच्या जागी ठेवली आहेत, असं साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टिपणीस गाडीत बसले आणि त्यांनी एक पिंप योग्य जागी नेऊन ठेवलं. त्यांना पुढची तारीख मिळाली ती विमानाच्या तारखेच्या दोन दिवस नंतरची.

परतीच्या वाटेवर जीप सुनीतानेच चालवली. पनवेलात शिरल्यावर तिने ती एसटीडी बूथपुढे उभी केली आणि पर्समधून टाइप केलेला कागद काढला. गाव हॅमरफील्ड, मोटार सौ. सुनीता टिपणीस यांच्या नावे. फक्त सही राहिली होती.

"अगं, पण आता तुला गाडी येते," टिपणीस म्हणाले. "मग विलोबेंडलाच राहू की. तू खुशाल हिंड."

"गाडी एक, लायसन एक. घर कुठे ते लायसनवाली ठरवणार."

"आणि मी कामावर कसा जाऊ? हॅमरफील्डहून कारखान्याकडे बस जात नाही."

"सकाळी मी सोडीन. दहाच्या आत मला वाचनालयात परत यायचंय."

"तिथे तुला घेतील कशावरून?"

"घेतील. त्यांनी मला एकदा बघायचा अवकाश."

हे ती इतक्या सहज म्हणाली की टिपणिसांना क्षणभर आपणच बोललो असं वाटलं. "आणि घरी आणायला?"

"वाचनालय सहाला बंद होतं. पावणेसातला गेटवर येईन."

"माझी शिफ्ट तीनला सुटते, सुनीता."

"माहितेय."

"पावणेचार तास मी गेटवर काय करू? उणे पंचवीस असतं तिथे."

"वाट बघा," सुनीता म्हणाली. "सवय होते."

टिपणिसांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग बरंच काही आठवल्यासारखे ते खाली बघू लागले. बूथवाल्याने पेन पुढे केलं. त्यांनी कागद न वाचता सही केली आणि तिच्या हातात दिला.