आक्कांची मूळ प्रत

निसर्ग हा होतकरू कलावंत आहे, पण त्याचं काम कोणीतरी तपासून द्यायला हवं, याबद्दल आमच्या मंडळात दुमत नाही. सूर्य मावळताना नको तेवढा लाल होतो, झाडं नेमकी विजेच्या तारांमागे उगवतात, आणि माणसांच्या चेहऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. या त्रुटी दूर करण्यासाठी ‘हौशी छायाचित्र सुधार मंडळ’ स्थापन झालं. लॉण्ड्रीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आम्ही आपापले लॅपटॉप उघडून बसतो. (खालून इस्त्रीची वाफ येते. सुरकुत्या काढण्याच्या कामाला ती पोषक ठरते.)

अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. खुर्चीतल्या माणसाचे दात सरळ करायला त्यांना दोन वर्षं लागतात, पडद्यावर दोन मिनिटं. त्यामुळे त्यांचा ओढा पडद्याकडे वाढला असून, रुग्णांनाही ते हल्ली “फोटोत बघू” असं सांगतात. मी मंडळाचा चिटणीस.

अभ्यासक्रम सोपा आहे. आधी उजेड, मग रंग, मग अडगळ. अडगळ म्हणजे तारा, कचऱ्याचे डबे आणि बोलणं बंद असलेले नातेवाईक. त्यानंतर मागचा देखावा बदलणे आणि सर्वांत शेवटी चेहरा. माणसाने फोटोत उजवीकडेच पाहावं असा अध्यक्षांचा आग्रह. जे डावीकडे पाहताना सापडतात त्यांचा फोटो आरशासारखा उलटवून घेतात. मंडळाच्या पाहणीनुसार शंभरांपैकी नव्वद फोटो सुधारल्यावर बरे दिसतात. उरलेले दहा सभासदांचे स्वतःचे आहेत, त्यांवर काम चालू आहे.

पण मंडळाचा कणा म्हणजे नियम पहिला: सुधारणा झाली की मूळ फोटो कायमचा पुसावा. मूळ प्रत जपणं म्हणजे आपल्याच सुधारणेवर अविश्वास. शिवाय दोन्ही शेजारी ठेवले की घरची माणसं नको त्या तुलना करतात.

हा नियम सर्वांत निष्ठेने पाळणारे सभासद म्हणजे माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी विमा कचेरीत, जीव फोटोत. सरावासाठी प्रत्येकाला एक चेहरा लागतो. तो स्थिर बसणारा, तक्रार न करणारा आणि सुधारणेला भरपूर वाव असलेला हवा. मेहुण्यांना तो घरातच मिळाला. त्यांची आई. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो.

आक्का शहात्तर वर्षांच्या. पुढचा एक दात तिरका, भुवईवर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खोक, हनुवटीवर एका बाजूला ठसठशीत तीळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मेहुण्यांनी आधी दोरा काढला, मग चष्मा, मग खोक. दात अध्यक्षांनी जातीने सरळ केला. तीळ गेला त्या शनिवारी टाळ्या पडल्या. मग जुना अल्बमही संगणकात घेऊन सुधारला आणि कागदी फोटो रद्दीत गेले. आक्कांच्या मागे स्वयंपाकघराचा ओटा होता तिथे तळं आलं, तळ्यात हंस आले. आक्का फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, “छान आहे हो. कोण आहे ही?” (ही आम्ही दाद समजत होतो.)

गेल्या महिन्यात एका दुपारी आक्का कोणाला न सांगता बाहेर पडल्या आणि दिवेलागण झाली तरी परतल्या नाहीत. अलीकडे त्या रस्ते विसरत. एकदा तर स्वतःच्याच गल्लीत चुकल्या होत्या. फोन घरीच, उशीखाली. मेहुणे आणि मी पोलीस चौकीवर धावलो.

चौकीतल्या पोलिसांनी फोटो मागितला. मेहुण्यांनी आपला बक्षीसपात्र फोटो समोर धरला.

“ह्या कोण?”

“आई.”

“तुमची, का तुमच्या मुलीची?”

“माझीच. शहात्तर वर्षांची आहे.”

पोलिसांनी फोटोकडे पाहिलं, मग मेहुण्यांकडे. “तुमच्यापेक्षा लहान दिसतात.”

“तो डोळ्यांखालचा उजेड आहे,” मेहुण्यांनी समजावलं.

“ओळखायची काही खूण?”

“हनुवटीवर तीळ आहे.”

“इथे तर नाही.”

“काढला.”

“डॉक्टरांनी?”

“मी.”

पोलिसांनी पेन खाली ठेवलं. “बरं, हे तळं कुठलं? तिथे माणूस पाठवतो.”

“ते मागाहून घातलंय,” मेहुणे म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो फोटो खाली घेतला.

घरी आल्यावर दुसरा फोटो शोधायला घेतला. सगळे सुधारलेले. बहीण रडत रडत कडाडली, “घरभर फोटो, आणि माझ्या सासूचा एक नाही! त्या कुठे रस्त्याकडेला बसल्या असतील, आणि मी लोकांना काय दाखवू? हंस?”

मंडळाची तातडीची सभा बोलावण्यात आली. विषय एकच: सुधारलेला चेहरा बिघडवणे. हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. सुरकुत्या अध्यक्षांनी स्वतःच्या कपाळावरून उचलून दिल्या. दात त्यांनी जड मनाने वाकडा केला. मग तीळ आला.

“भावोजी, कुठल्या बाजूला?” मी विचारलं.

“डावीकडे,” मेहुणे म्हणाले. मग म्हणाले, “नाही, उजवीकडे. थांब...” निम्मे फोटो उलटवलेले असल्याने त्यांचा काही उपयोग नव्हता. तीन शनिवार ते त्या तिळावर बसले होते, पण काढण्याच्या दृष्टीने. अखेर प्रश्न मताला टाकला. चार विरुद्ध तीन मतांनी तीळ उजवीकडे ठरला. मेहुणे तटस्थ राहिले. त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं होतं.

तयार झालेली बाई अध्यक्षांची मावशी वाटत होती. तरीही तो फोटो घेऊन सभासद रस्तोरस्ती पांगले.

मेहुणे आणि मी घरी पोचतो तर आक्का दारात चपला काढत होत्या. हातात पाकीट.

“अगं होतीस कुठे?” मेहुणे ओरडलेच.

“फोटो काढायला गेले होते. बाजारामागच्या स्टुडिओत. त्याची लाइट गेली, मग बसले येईपर्यंत.” आक्का खुर्चीत टेकल्या. “माझी शाळेतली मैत्रीण फोनवर म्हणाली, तुझा मुलगा फोटो पाठवतो ती पोरगी कोण? मला तुला बघायचंय. आता आमच्या भेटी कुठल्या व्हायला? म्हटलं, एक माझा काढून घेऊ. त्याला सांगितलं, बाबा, काही काढू नकोस, काही घालू नकोस. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना?”

मग त्यांना आठवलं. “येताना एकाने मला अडवलं रे. फोटो दाखवून म्हणे, आजी, ह्या बाई दिसल्या का? म्हटलं, नाही बाबा. पण लवकर शोधा बिचारीला, तब्येत बरी दिसत नाही.”

मेहुण्यांनी पाकीट उघडलं. दात, खोक, चष्मा, दोरा, सगळं जागच्या जागी. तीळ डावीकडे. त्यांनी फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते पोरासारखे रडले. मलाही राहवलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून मेहुणे म्हणाले, “सुंदर आलाय, आई. फक्त डाव्या बाजूला जरा उजेड...”

आक्कांनी फोटो काढून घेतला. तो आता त्यांच्या कपाटात कुलपात असतो.

प्रकरणाची गंभीर दखल घेऊन मंडळाने नियम पहिला दुरुस्त केला आहे. यापुढे दरमाणशी एक मूळ प्रत ठेवायला परवानगी आहे, मात्र ती पाहुण्यांना दाखवू नये.

आपण हे वाचून हसला असाल तर मंडळाला आनंदच आहे. आता फोन जरा पालथा ठेवा आणि न बघता सांगा, तुमच्या आईच्या चेहऱ्यावर तीळ कुठल्या बाजूला आहे? आठवत नसेल तर काळजी नको. शनिवारी या. आपण मताला टाकू.