रकान्यात न बसणारं पाणी

शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा नळाला सोडायचं ठरलं होतं. नळ सोमवारी सुरू होणार होते. शुक्रवारी संशोधक बाई आपला अहवाल घेऊन पाणी खात्यात आल्या. त्यांना ते नळ थांबवायचे होते.

अहवाल अवघड नाही, सावकाश सांगतो. माणूस गोळी गिळतो. गोळीतलं थोडं औषध अंगात मुरतं, उरलेलं संडासावाटे गटारात जातं. गटारातून शुद्धीकरण केंद्रात, केंद्रातून नळात. केंद्राच्या जाळ्या चिंध्या अडवतात, औषध अडवत नाहीत. बाईंना पाण्यात सतरा औषधं सापडली होती. सगळ्यांत जास्त होतं ते चिंता घालवणारं.

मोठ्या साहेबांनी अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"बाई, कष्ट घेतलेत हो. पण आमच्या तपासणी तक्त्यात रकाने तीनच. रंग, वास, चव. औषधाला रकाना नाही. आणि रकान्यात नाही ते पाण्यात नाही."

"मग रकाना वाढवा!"

"त्याला समिती लागते. समिती आहे. पण हल्ली तिला कशाचीच घाई वाटत नाही."

"का?"

"सहा महिने झाले, हे पाणी आधी आम्हीच पितोय. लोकांचा विश्वास बसावा म्हणून."

तेवढ्यात पाण्याची चव घेऊन नोंद करणारे कारकून काका आले. एकेकाळी ते टेबलावर इतक्या जोरात हात आपटत, की शिक्के उडत.

"साहेबांनी माझी बढती अडवली," काका हसत म्हणाले.

"मीच अडवली," साहेबही हसले. "काय मजा आली होती ना, काका?"

"अहो, हे त्या औषधानं होतंय!" बाई ओरडल्या.

"असेलही. पाणी घ्या ना."

बाईंनी घरून आणलेली बाटली छातीशी धरली. त्या इमारतीत राग येऊ शकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यामुळे टिपणी अशी झाली: 'पाण्यात दोष नाही. अर्जदार अस्वस्थ आढळल्या. उपाय: पाणी द्यावे.'

सोमवारी नळ सुरू झाले. महिन्याभरात तक्रारी चारशेवरून शून्यावर आल्या. नळ कोरडा राहिला तरी लोक बादलीपाशी समाधानानं उभे राहत. खात्याला उत्कृष्ट सेवेचं मानचिन्ह मिळालं.

त्या दिवशी बाई तणतणत घरी आल्या, तर आई गोळ्यांची पाकिटं फोडून संडासात रिकामी करत होती.

"आई, अगं काय करतेस हे?"

"मुदत संपलीय गं त्यांची. कचऱ्यात टाकल्या तर कुणाच्या तरी हाती लागायच्या. आपल्यामुळे कुणाला त्रास नको." आईनं बटण दाबलं.

ओरडायच्या आधी बाईंनी बाटली तोंडाला लावली. महिनाभर त्या विकतचं पाणी पीत होत्या; आज मात्र आईनं बाटली घरच्या नळावर भरली होती. चार घोट गेले.

"असू दे," बाई म्हणाल्या.

आता एक सोपा प्रश्न. हे सगळं वाचून तुम्हाला राग आला का? फारसा नाही? मग शेजारचा ग्लास उचलून बघा. रंग, वास, चव ठीकच असेल.