डावीकडचा समास

शेखचाचा संगणकाच्या पडद्याला स्टीलची पट्टी लावून समास मोजतात. पडद्यावरचं पान हवं तेवढं लहानमोठं करता येतं, तिथं पट्टीला काही अर्थ नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. "व्हय की," म्हणतात आणि पुन्हा पट्टी लावतात.

दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ते डीटीपी शिकले. तेव्हापासून आमच्या सोसायटीत पाणी बंद असल्याची सूचनासुद्धा पहिली ओळ आत ढकलल्याशिवाय लागत नाही. कारण विचारा, उत्तर ठरलेलं. "अक्षराला फलाट पायजे, भाऊसाहेब. फलाटच न्हाई तर वाचणारा उतरंल कुठं?"

हेही मी सोसलं असतं. पण सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाचं ई-पुस्तक, म्हणजे घरोघरी सीडीवर द्यायचं पुस्तक, त्यांच्याकडे गेलं आणि त्यांनी कहर केला. डावीकडे निम्मं पान कोरं. उरलेल्या निम्म्यात मजकूर, त्यातही प्रत्येक परिच्छेद आणखी चार बोटं आत. चौसष्ट पानांची एकशे एकतीस पानं झाली. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचा माझा लेख तर उजव्या कडेला अंग चोरून उभा होता. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"चाचा, हा काय प्रकार आहे?"

"फलाट जरा लांब झाला."

"जरा? निम्मं पान गिळलंत. सरका, मीच करतो."

मी दोन्ही समास सारखे केले. तेवढ्यात चाची आल्या. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला होता, आता हिंडतात-फिरतात. "भाऊसाहेबांचा लेख? बघू," म्हणून खुर्चीत बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

पडद्यावर होतं, 'जुनी टाकी फुटली तेव्हा सर्वांनी मिळून' आणि खालच्या ओळीत 'वर्गणी काढली आणि नवी टाकी बांधली'. चाचींनी वाचलं, "तेव्हा सर्वांनी मिळून… आणि नवी टाकी बांधली." मग माझ्याकडे वळल्या. "राग मानू नका, पन तुमचं वाक्य सुरू कुठनं होतं तेच कळत न्हाई."

चाचांनी आपला समास परत लावला. "आता वाच."

चाचींनी शब्द न शब्द वाचला. "बघा, ह्यांनी कसं सुधारलं," म्हणत त्या खुशीत आत गेल्या.

"लकव्यापास्नं डावीकडचं तिच्या ध्यानातच येत न्हाई," चाचा हळू आवाजात म्हणाले. "आन् येत न्हाई हेबी तिला ठाव न्हाई. ताटात डावीकडची भाजी ऱ्हाते. मी गुपचूप ताट फिरवतो."

"मग त्यांच्यापुरती वेगळी सीडी करा."

"ती शेजारणीकडं बसून वाचनार. तिथं निराळं दिसलं म्हंजी?"

संध्याकाळी कमिटीत सेक्रेटरींनी विचारलं, "केला का समास कमी?"

"नाही. आहे तसाच जाईल."

"अहो, वाचायला त्रास होतो लोकांना."

"कुणाला होतो?" माझा आवाज चढला. "नाव सांगा."

सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला.