वापरातलं पातेलं

सत्यजीतने सोमवारी घरून काम करायचं ठरवलं, ते निव्वळ शांतपणे चिडता यावं म्हणून. ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या एका मॉड्यूलने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, चार दिवस त्याचा जीव खाल्ला होता. ते मेमरी घ्यायचं आणि दुसऱ्याचं काम त्यात चालू असतानाच खुशाल परत करून टाकायचं. मग सर्व्हर धाडकन कोसळायचा. आज तो सलग तासभर टिकला नाही, तर काम हैदराबादच्या टीमकडे जाईल, असं मॅनेजर मनस्वीने बजावलं होतं. (आणि सत्यजीतने तर सासुरवाडीला सांगून ठेवलं होतं की, हे काम त्याच्याशिवाय कुणाला जमतच नाही.)

“समोरच्याचं वापरून झालंय का, एवढं विचारायला काय होतं हे मॉड्यूल लिहिणाऱ्यांना? संस्कारच नाहीत,” तो बायकोला म्हणाला.

आभा पिशवी घेऊन बाजारात निघाली होती. “मग विचारायला लाव की,” ती म्हणाली आणि गेली.

त्याने तेच केलं. वापरणाऱ्या प्रत्येकाने नोंद करायची, आणि शेवटी उठेल त्यानेच मेमरी परत करायची. साडेदहाला चाचणी सुरू झाली. मनस्वी कॉलवर होतीच.

चाळिसाव्या मिनिटाला बेल वाजली. समोरच्या विनिताताई त्यांचं मोठं पातेलं परत मागायला आल्या होत्या. ते ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं, काठोकाठ भरलेलं. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं पाठवू नये, हे सत्यजीतला आईने शिकवलं होतं. आभाने आधीच भरून ठेवलंय, हे पाहून त्याला तिचं कौतुक वाटलं. पातेलं देऊन तो लॅपटॉपकडे पळाला.

तास भरला. सर्व्हर ठणठणीत होता. आता सत्यजीतला चेव आला. वापरातली वस्तू न विचारता परत करणाऱ्या माणसाला कीबोर्डला हातच लावू देऊ नये, असं तो मनस्वीला तावातावाने सांगत होता, तेवढ्यात आभा परतली आणि ओट्यापाशी थबकली.

“पातेलं कुठाय?”

“विनिताताईंना परत केलं.”

“अरे, त्यात इडलीचं पीठ होतं. संध्याकाळी भजनी मंडळाच्या पंधरा जणी यायच्यात.”

“मग सांगून जायचं नाही?” सत्यजीत उसळला.

“तू विचारलंस?”

समोरच्या घरातून डोशांचा खमंग वास येऊ लागला होता. आणि कॉल अजून चालूच होता.

दुपारी मनस्वीचा मेल सगळ्या ऑफिसला गेला. चाचणी यशस्वी, काम सत्यजीतकडेच राहील. फक्त यापुढे त्याने काहीही पाठवण्याआधी ते आभावहिनींकडून तपासून घ्यावं.