ढेकरबंदीचा ठराव

पोट भरलं की ढेकर येतो, हे शास्त्राने केव्हाच मान्य केलं आहे. सहकारी संस्थेला मात्र काहीही मान्य करायचं तर आधी गणपूर्ती व्हावी लागते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात खर्ड्याकडच्या एका खरेदी-विक्री संघात ती वेळेवर झाली आणि ढेकर एकमताने नामंजूर झाला.

हा ढेकर संघाच्या टँकरचा होता. संघाने लष्कराच्या लिलावात एक ट्रक घेतला होता आणि दुष्काळ पडल्यावर त्याच्या पाठीवर पाण्याची टाकी चढवली होती. त्याच्या इंजिनाला ब्लोअर होता. साधं इंजिन आपला श्वास आपण घेतं. याच्या तोंडात ब्लोअर हवा कोंबायचा, नको नको म्हणणाऱ्या जावयाच्या पानात पोळी वाढावी तशी. त्यामुळे भरल्या टाकीनिशी टेकवाडीचा घाट चढणारा त्या भागात हा एकच ट्रक होता, आणि टेकवाडीच्या विहिरींनी तर पौषातच तळ दाखवला होता. ड्रायव्हर कानिफनाथ टेकवाडीचाच. त्याची आई छबूबाई रोज घाटमाथ्यावरच्या वडाखाली हंडा घेऊन बसायची आणि खालून घरघर ऐकू आली की बायांना सांगायची, "आला माजा कानिफ." (आवाज इंजिनाचा असे. पण कानिफनाथ लहानपणी घोरायचा, त्यामुळे तिला फरक वाटत नसे.)

आता एवढं खाणारं इंजिन ढेकर देणारच. इंजिनाच्या पोटात तेल असतं; त्याची वाफ आत कोंडू नये म्हणून एक नळी बाहेर सोडलेली असते. लष्कराने ती डाव्या दाराच्या पायरीशी सोडली होती, कारण लष्करात डाव्या दाराने चढणारा माणूस खाकी कपड्यांत असतो. सहकारात तो पांढऱ्या धोतरात असतो.

संघाचे चेअरमन आबासाहेब टेकवाडीच्या पाणीवाटपाचा शुभारंभ करायला निघाले (पाणी महिनाभर वाटलं जातच होतं, पण शुभारंभाविना), तेव्हा पायरीवर पाय ठेवताच इंजिनाने ढेकर दिला. धोतरावर तेलाचे बारीक काळे ठिपके उठले. सत्काराच्या वेळी आबासाहेबांनी हार पोटापर्यंत ओढून धरला, तरी ठिपके गुडघ्याखाली होते, आणि तिथवर पोहोचणारा हार जिल्ह्यात मिळत नाही.

पुढच्याच सभेत ठराव आला: "संघाच्या वाहनाने सार्वजनिक रस्त्यावर ढेकर देऊ नये. आल्यास तो स्वतःच गिळावा." शांतवन फोरमनला बोलावलं गेलं. नळी नुसती खाली, मागच्या चाकाकडे वळवली तरी भागेल, असं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण सगळ्यांच्या माना उभ्या हलत होत्या, आणि अशा वेळी एकच मान आडवी हलली की ती चेअरमनांच्या डोळ्यांत भरते. शांतवनला दोन मुलींची लग्नं करायची होती. त्याने तोंड मिटलं, मान उभी हलवली आणि संध्याकाळपर्यंत नळीचं टोक ब्लोअरच्या तोंडात नेऊन बसवलं. जोड असा सफाईदार होता की आबासाहेबांनी त्याला दोनदा हात लावून पाहिला.

ठरावाचे परिणाम अत्यंत समाधानकारक होते. धोतरावरचे डाग शंभर टक्क्यांनी घटले. ब्लोअर हवेबरोबर तेलाची वाफही गिळू लागला, ते तेल आत जळू लागलं आणि मागून निळा धूर येऊ लागला. पण धूर ट्रकच्या मागे जातो आणि मागे चेअरमन बसत नाहीत. (टेकवाडीच्या खोकल्याची आकडेवारी उपलब्ध नाही.) फक्त इंजिनातलं तेल भराभर उतरू लागलं.

यावर दुसरी सभा झाली. इंजिन तेल पितं, तर इंजिनात तेल घालावं, इतका साधा विषय होता. यात दुमत असायचं कारणच काय? (वाचकहो, इथे तुमचीही मान हलली असेल. हलू द्या. आमच्या सभेची तीच पद्धत आहे.)

तेल कुणी घालायचं, एवढाच मुद्दा उरला. ज्याला त्याला संधी मिळाली पाहिजे, म्हणून संचालकांना वार वाटून दिले. शनिवार आबासाहेबांनी स्वतःकडे घेतला. शनिवारी तेल घालायची सवय आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवावी लागत नाही. सेक्रेटरी रोज सकाळी घालत, कारण ते सेक्रेटरी होते. शिपाई रोज संध्याकाळी घाले, कारण सेक्रेटरींनी सकाळी घातल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेल मोजायच्या पट्टीवर वरच्या बाजूला एक खूण होती. तेल तिच्यावर जाऊ नये असं शांतवन पुटपुटला. सभेने ती खूण म्हणजे उद्दिष्ट आहे असं ठरवलं, आणि उद्दिष्ट ओलांडणाऱ्याचं अभिनंदन करायची प्रथा असल्यामुळे सगळ्यांनी ते ओलांडलं.

कानिफनाथही मागे राहिला नाही. घाटाच्या पायथ्याशी तो गाडी थांबवी आणि आपल्या डब्यातलं थोडं तेल कुणाला न सांगता ओती. यादीत त्याचं नाव नव्हतं, पण वर आई बसलेली असायची आणि त्याचा त्या इंजिनावर फार जीव होता. तेल जितकं जास्त, तितकं ते नळीतून ब्लोअरमध्ये जाई. जितकं जाई तितका धूर निघे. आणि जितका धूर निघे तितक्या कळकळीने सगळे तेल घालत.

अखेर एका शनिवारी आबासाहेब दुसऱ्या शुभारंभाला निघाले. (पहिला डागांमुळे ग्राह्य धरला नव्हता.) नवं धोतर, डोक्याला पांढराशुभ्र फेटा. त्यांनी हळदकुंकू वाहून इंजिनात भरघोस तेल घातलं. गाडी घाटाला लागली आणि शेवटच्या वळणावर, वरचा वड दिसत असताना, इंजिनाने एकाएकी सूर चढवला. कानिफनाथने पाय काढला तरी सूर चढतच गेला. त्याने गिअर काढला, ब्रेक लावला, उडी मारून चाकाखाली दगड दिला.

"आबा, उतरा. बंद करायचं बटन वढलंया, तरी बंद व्हईना."

"डिझेल तोडलं का?"

"तोडलं की. आता त्येला डिझेल लागंना झालंय. सोताच्या पोटातल्या तेलावर चाललंय."

"म्हणजे डिझेलशिवाय?" आबासाहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान पसरलं. वार्षिक अहवालात घालण्यासारखी गोष्ट होती.

"हवा कोंडल्याबिगर थांबायचं न्हाई. फुटंल ह्ये."

कानिफनाथने बॉनेट उघडलं. आपला टॉवेल त्याने ब्लोअरच्या तोंडावर धरला, तो घासासारखा आत गेला. मग त्याने मागे वळून पाहिलं. चेअरमनच्या डोक्याला हात घालायची त्याच्या खानदानात कुणाची हिंमत झाली नव्हती. पण वरचा वड दिसत होता. त्याने फेटा उचलला आणि तोंडात कोंबला. इंजिनाने चार-पाच हात फेटा खाल्ला, मग घशात अडकल्यासारखा आवाज आला, कडकड झाली आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेने छबूबाई धावत खाली आली.

"कानिफ, का रं गप झाला?"

कानिफनाथने उघड्या बॉनेटकडे बोट दाखवलं. बायांनी त्या दिवशीचं पाणी वळणावरून डोक्यावर वाहून नेलं, त्यामुळे शुभारंभ ग्राह्य धरला गेला. ब्लोअरचे मात्र तुकडे झाले होते.

चौकशी समिती बसली. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं की आपण जरासंच घातलं. सगळ्यांचं जरासं मिळून इंजिन गळ्यापर्यंत भरलं होतं, पण जरासं घालणं हा गुन्हा नाही. कानिफनाथ उठून म्हणाला, "म्याबी रोज घालत हुतो. माझ्यामुळंच झालं आसंल." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अधिकृत यादीत नाव नसल्याने समितीने त्याचा दोष अमान्य केला.

ब्लोअर काढून टाकला. ट्रक आता सपाटीवर, जिथे विहिरींना पाणी आहे अशा गावांना पाणी वाटतो. नळी ठरावाप्रमाणे अजून इंजिनाच्याच तोंडात आहे. घाट चढणारं दुसरं वाहन संघाकडे नाही. छबूबाई अजून हंडा घेऊन वडाखाली बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "पानी कवा येनार?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला संघ बांधील आहे. पण तेल घालायचा निर्णय एकमताचा होता, तेव्हा ते ज्यांनी ज्यांनी मान हलवली त्यांनी द्यायचं, असं समितीने सुचवलं आहे. मघाशी तुमचीही हलली होती. नळी आधी बाहेर काढा, असं तुम्हीसुद्धा म्हणाला नाहीत. संचालक मंडळ कामात आहे. टेकवाडीला तेवढं तुम्ही जाऊन या. घाट पायी चढावा लागेल.