नानांच्या भिंतीवरची विमानं

आमच्या शेजारच्या नानांच्या घरात फ्रेम केलेले बावीस फोटो आहेत आणि त्यांत एकही माणूस नाही. लग्नाचा फोटो कपाटात, मुलाच्या बारशाचा ट्रंकेत, गणपती देवघरात. भिंतीवर फक्त विमानं. लढाऊ, जेट, आणि तीही आत्ताची नव्हेत. नाना हवाई दलात मेकॅनिक होते त्या काळातली. व्हँपायर, तुफानी, हंटर, नॅट. सगळी केव्हाच मोडीत निघालेली. नाना तेवढे चालू आहेत.

आता त्या घराचा होमस्टे झालाय. नागावचा समुद्र चालत पाच मिनिटांवर. नानांचा मुलगा संदीप तो चालवतो. पाहुणे मांडव्याला बोटीतून उतरतात, इथे येऊन एसीचा रिमोट मागतात, आणि रिमोटच्या आधी त्यांना नाना मिळतात.

"काका, तुम्ही ही विमानं चालवायचात?"

"चालवायला काय, कोनपन चालवील," नाना गंभीरपणे सांगतात. "साहेब वर जाऊन मजा करून यायचा. खाली आल्यावर तेल कोन पुसनार?"

नानांचं सर्टिफिकेट एकच: "टेस्टेड ओके." चहाचा पहिला घोट, टेस्टेड ओके. नवी कवळी, टेस्टेड ओके. संदीपसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांचा घास घेऊन हेच म्हणाले, आणि मुलीकडच्यांनी होकार समजून साखर वाटली. सून चांगली निघाली. त्याचं श्रेय नाना आजही पोह्यांना देतात.

दसऱ्याला आमच्या गावात रिक्षांना, होड्यांना, बनाना राइडच्या त्या पिवळ्या फुग्यालासुद्धा झेंडूचा हार पडतो. नाना बावीस फोटोंना घालतात. गेल्या वर्षी पुण्याच्या एक बाई नेमक्या त्या दिवशी आल्या. चष्मा पर्समध्ये. त्यांनी भिंतीवरचे हार पाहिले, चपला काढल्या, हात जोडले.

"किती वर्षं झाली हो?"

"पन्नासएक."

"काय झालं होतं?"

"इंजिन बंद पडलं."

"अगंबाई! हार्ट!"

"त्येच त्ये," नाना म्हणाले.

बाईंनी रात्री श्रीखंडाला हात लावला नाही.

पण हल्ली पाहुणे घरी गेले की इंटरनेटवर लिहितात. एकानं लिहिलं, बेडरूममध्ये व्हँपायर आहे, मुलगी रात्रभर झोपली नाही. दुसऱ्यानं लिहिलं, जागा छान, मासे उत्तम, पण आजोबा "परत किती वाजता?" विचारतात आणि आपण येईपर्यंत फाटकात उभे राहतात. हे खरं आहे. शेवटचा पाहुणा परतल्याशिवाय नाना ताटावर बसत नाहीत.

यंदा दिवाळीच्या निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या तेव्हा संदीपनं ठरवलं, विमानं काढायची आणि शंखशिंपल्यांची चित्रं लावायची.

"काका, तुम्ही या ना. तुमचं ऐकतील ते," तो मला म्हणाला.

माझं आजवर घरच्या मांजरानंही ऐकलेलं नाही. पण तमाशाला पुढची खुर्ची मिळत असेल तर मी सोडत नाही. गेलो.

युद्ध होईल असं वाटलं होतं. तर शिडी नानांनीच आणून लावली. संदीप वर चढला, नानांनी खालून ती दोन्ही हातांनी धरली.

"नाना, फोटो नीट गुंडाळून ठेवू आपण," मी सुरुवात केली. त्यांचं लक्ष वर होतं.

"माजं कामच ह्ये होतं," ते म्हणाले. "साहेबाला वर चढवायचा, पट्टे आवळायचे, खाली येऊन शिडी काढायची. मंग वाट बघत बसायचं."

संदीप खिळा उचकटत होता.

"एक पोरगा होता, पंजाबातला. येकदा माज्या डब्यातले कोलंबीचे सोडे खाल्ले नि येडाच झाला. सुट्टीवरनं जाताना त्याच्यासाठी किलोभर नेले. शिडीवरच विचारतोय, लाया क्या? म्हटलं, साहेब, पयलं जाऊन या. आत्ता खाल्लंत तर मास्कला वास मारंल."

वरचा आवाज थांबला.

"मग?" संदीपनं विचारलं. चाळीस वर्षं एका घरात राहून त्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मंग काय. सोडे मीच खाल्ले. आठ दिवस पुरले."

"ह्यातलं कुठलं विमान, नाना?"

नानांनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली. "फोटोत सगली सारकीच दिसतात रे."

संदीपचा हात फ्रेमवर तसाच होता.

"किती येल वर उभा ऱ्हाशील?" नाना म्हणाले. "ये आता खाली."

संदीप रिकाम्या हातानं उतरला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत नानांनी शिडी सोडली नाही.