एकोणचाळीस भोकं

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, पुलापलीकडच्या चौकीत, तीन नंबरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने बाइंडरचा पासपोर्ट यंत्राच्या फटीत घातला. तो गेला नाही. अधिकाऱ्याने तो उलटा करून घातला, मग अंगठ्याने दाबून घातला. पासपोर्ट अर्ध्यावर अडकला आणि स्प्रिंगसारखा उसळून त्याच्या मांडीवर पडला. त्यातून बोटभर लांबीची लाल रेशमी फीत बाहेर लोंबत होती.

अधिकाऱ्याने फीत चिमटीत धरली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीबाहेर बाइंडर ताठ उभा होता. त्याने एक्केचाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती, आणि आपलं काम निरखून पाहणारा माणूस भेटला की त्याची मान आपोआप वर होत असे.

"खूण म्हणून लावलीय," तो जावयाला म्हणाला. "ह्यांना सांगा, फीत ओढली की थेट शिक्क्याचं पान उघडतं. शोधाशोध नको."

जावयाने फितीकडे बोट दाखवलं. "बाबा, तुम्ही पासपोर्टला काय केलंत?"

"काय म्हणजे? बांधला."

आता हा प्रकार कशासाठी चालला होता ते सांगायला हवं. बाइंडर आणि त्याची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या देशात आले होते. पाहुण्यांना तिथं सलग नव्वद दिवस राहायची मुभा. नव्वद दिवस भरले की सीमेबाहेर पाऊल टाकायचं, शेजारच्या देशाचा शिक्का घ्यायचा आणि त्याच पावली परत यायचं, की आणखी नव्वद दिवस मिळतात. तिथं राहणारे शेकडो परदेशी हेच करत. दर आठवड्याला एक व्हॅन त्यांना पुलापर्यंत नेऊन परत आणत असे आणि या फेरीला सगळे 'खेप' म्हणत. आज बाइंडरचा नव्वदावा दिवस होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख बारा दिवसांवर होती. पूल संध्याकाळी सहाला बंद होत असे. एवढं एक गणित होतं आणि ते जावयाने दोनदा तपासलं होतं. सासऱ्याचा हात मात्र त्यात धरलेला नव्हता.

तीन दिवसांपूर्वी बाइंडरला पासपोर्टची मधली पानं हलताना दिसली. मशीनची शिलाई, कच्चा दोरा. हे पाहून तो रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती शिलाई उसवली, मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घातली, कण्याला आतून कापडी पट्टी लावली आणि पुस्तक वजनाखाली ठेवलं. बायकोने आपला पासपोर्ट द्यायला साफ नकार दिला होता. त्यामुळे ती शेजारच्या खिडकीतून दोन मिनिटांत शिक्का घेऊन, परतीचाही शिक्का घेऊन, आता बाकावर बसून नवऱ्याची गंमत पाहत होती. अलीकडच्या चौकीत, म्हणजे मुलीच्या देशाच्या बाजूला, दहा पन्नासला बाइंडरलाही बाहेर जायचा शिक्का बिनबोभाट मिळाला होता. तिथलं यंत्र बिघडलं होतं.

अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय, हे कुणी केलं," जावई हळूच म्हणाला. "बाबा, तुम्ही गप्प राहा. मी सांगतो, असाच मिळाला म्हणून."

पण अधिकारी शिलाईवर बोट ठेवून बोलला होता आणि तेवढी भाषा बाइंडरला कळत होती. त्याने छातीवर हात ठेवला. "मी! मी केलं. सांगा त्यांना, एकही नवं भोक पाडलेलं नाही. होती त्याच एकोणचाळीस भोकांतून घेतलंय. अख्ख्या बाजारात असं करणारे दोनच होते, त्यातला एक वारला."

जावयाने यातलं काहीही सांगितलं नाही. तरी छातीवरचा हात अधिकाऱ्याने पाहिला होता.

अकरा पस्तीसला निकाल लागला. पासपोर्टशी छेडछाड झालेली आहे, चौकीच्या मोठ्या अधिकारी बाई जेवून आल्यावर ठरवतील, तोवर प्रवेश नाही. खिडकी बंद झाली.

"मग आपण परत जाऊ," बाइंडर म्हणाला. "नाही म्हणताहेत तर नाही. त्यांच्या देशात मला कुठं राहायचंय?"

तिघं पूल ओलांडून अलीकडे आले. दोनशे चाळीस पावलं. अलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडून शिक्का पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही दहा पन्नासला देश सोडलात. तेव्हाच तुमची जुनी मुदत संपली. नवी हवी तर पलीकडचा शिक्का दाखवा.

"पण पलीकडचे आत घेत नाहीत ना!" जावई म्हणाला.

अधिकारी म्हणाला, तो त्यांचा प्रश्न आहे.

"म्हणजे मी आता कुठं आहे?" बाइंडरने विचारलं.

जावयाने पुलाकडे पाहिलं. "तिथं," तो म्हणाला.

पुलाच्या मधोमध सिमेंटचं एक बाक होतं. बाइंडर त्यावर जाऊन बसला. बायको शेजारी बसली आणि तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"विजेच्या बिलांची फाइल बांधलीत," ती म्हणाली. "दवाखान्याचे कागद बांधलेत. सोनोग्राफीचा फोटो बांधलात, तेव्हा डॉक्टरीणबाई पान उलटायला गेल्या तर उलटेना. मी म्हटलं, असू दे, माणसाला काम नाही. आता सरकारलाही सोडलं नाहीत."

"अगं, पान निसटून पडलं असतं तर?"

"तर नवीन पासपोर्ट मिळाला असता. ह्याला काय मिळणार ते बघा आता."

"आई, पाच वर्षं बंदी घालतात," जावई म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

साडेबाराला जावयाचा फोन वाजला. तो उठून कठड्याजवळ गेला आणि त्याने ऐकून घेतलं. मग वळून म्हणाला, "तिला कळा सुरू झाल्यात. शेजारीण घेऊन निघालीय दवाखान्यात."

"बारा दिवस होते ना?" बाइंडर म्हणाला.

"ते तिला सांगा!" बायको उभी राहिली होती. तिने पर्स उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. अलीकडच्या टोकाला व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. बाकी सगळ्यांची खेप झाली होती आणि ठीक एकला व्हॅन हलवायची हा त्याचा नियम होता. इथून दवाखाना अडीच तासांवर.

"तुम्ही दोघं निघा," बाइंडर म्हणाला.

"आणि तुम्ही? तुम्हाला इथं एक शब्द कळत नाही. मी थांबते."

"तू थांबून काय करणार?"

"तेही खरं. शिवायचं काम तुमचं, निस्तरायचं आमचं, आणि आज निस्तरताही येत नाही." तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "हात लावू नका कशाला. कोणी काही दाखवलं, तर हात मागे घ्यायचे. कळलं?"

"बाबा, फोन चालू ठेवा," जावई पळता पळता ओरडला. "अधिकारी बोलले की फोन त्यांच्यासमोर धरायचा. मी सांगतो काय म्हणतात ते."

व्हॅन एक वाजून दोन मिनिटांनी गेली.

मोठ्या बाई दोन वाजून दहा मिनिटांनी आल्या. चष्मा, आखूड केस, हातात नियमांचं जाडजूड पुस्तक. त्यांनी बाइंडरला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि पासपोर्ट दिव्याखाली धरला. बाइंडरने फोन टेबलावर ठेवला. त्यातून व्हॅनचा खडखडाट आणि जावयाचा आवाज येत होता.

"बाबा, त्या म्हणतात की पासपोर्ट मूळ स्थितीत असला पाहिजे. पानं बदललेली नाहीत कशावरून? त्यांना शिलाई उसवून सगळी पानं बघायचीत. नाहीतर त्या रिपोर्ट पाठवणार आणि तुम्हाला इथूनच मायदेशी धाडणार."

"उसवू दे. चोरी थोडीच केलीय?"

बाईंनी पाकिटं फाडायची सुरी काढली आणि शिलाईखाली घातली. दोरा तुटला नाही. त्यांनी जोर लावला. दोरा तसाच, पण पानाची कड मुडपली. बाइंडरचे दोन्ही हात टेबलावर आले होते. त्याला बायकोचं बोलणं आठवलं आणि त्याने ते मांडीखाली घेतले. बाईंनी कात्री आणली. कात्रीचं टोक पानात घुसणार तेवढ्यात बाइंडर ओरडला, "अहो बाई, कापड आहे का ते!"

"बाबा, काय झालं?" फोन म्हणाला.

"त्यांना सांगा, पान फाटलं तर मी कुठलाच राहणार नाही. मी उसवून देतो. माझ्यासमोर बसा म्हणावं, वाटलं तर हात धरा."

बाईंनी विचार केला आणि कात्री पुढे सरकवली. बाइंडरने मधली गाठ शोधली, एकच टाका कापला आणि दोरा मागे घेत घेत गेला. आपलंच काम उसवताना त्याला वाईट वाटत होतं. इतकी चांगली शिलाई त्यालाही रोज जमत नसे. मग बोट पाण्यात बुडवून त्याने कापडी पट्टी भिजवली आणि अलगद सोलून काढली. फीत काढली. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पासपोर्टची सगळी पानं टेबलावर सुटी पडली होती.

बाईंनी एकेक पान दिव्यावर धरलं, आकडे जुळवले, भोकं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस.

"बाबा, त्या म्हणतात, पानं सगळी खरी आहेत. छेडछाड नाही. रिपोर्ट पाठवणार नाहीत."

बाइंडर म्हणाला, "मग मारा म्हणावं शिक्का."

बराच वेळ बाई नियमांचं पुस्तक चाळत राहिल्या. फोनमधला खडखडाट थांबला, दारं वाजली, पावलं वाजली. जावई दवाखान्यात पोहोचला होता.

"बाबा, अडचण आहे," तो धापा टाकत म्हणाला. "सुट्या पानांवर शिक्का मारता येत नाही. पासपोर्ट म्हणजे बांधलेलं पुस्तक, असं नियमात लिहिलंय."

"दहा मिनिटं द्या. दोरा इथंच आहे."

"तीच तर अडचण! तुम्ही शिवलात तर ती पुन्हा छेडछाड होते. एक मिनिट हं, नर्स आली... हो, हो, मीच नवरा... बाबा, चार बोटं उघडलंय म्हणे!"

"कोण? पुस्तक?"

"अहो, तुमची मुलगी!"

बाईंनी दोनदा कुणाला तरी फोन केला. तिकडच्या माणसालाही बहुधा असा प्रसंग नवा असावा, कारण दोन्ही वेळा तोच जास्त वेळ गप्प होता. चार वीसला तोडगा निघाला. पासपोर्ट सरकारी हातानेच शिवला जाईल. चौकीत सुई धरता येणारा एकच माणूस होता. सामान तपासणारा एक धिप्पाड हवालदार, जो गणवेशाची तुटलेली बटणं स्वतः लावत असे.

हवालदार आला, त्याने टोपी काढून ठेवली आणि सुईत दोरा ओवायला सहा मिनिटं घेतली.

मग त्याने पहिला टाका घातला. तो कुठून घालायचा होता आणि त्याने कुठून घातला हे पाहून बाइंडर खुर्चीतून अर्धा उठला. बाईंनी बोट दाखवलं. तो बसला. दोरा ढिला होता. दुसरा टाका घट्ट, इतका घट्ट, की पानं कमानीसारखी वाकली. तिसऱ्याला दोऱ्याचा गुंता झाला. चार पन्नासला चार भोकं झाली होती.

"कसं चाललंय?" फोनमधून आता बायकोचा आवाज आला.

"बटणं लावतोय," बाइंडर म्हणाला. "पासपोर्टाला."

"तुम्ही हात लावलात का?"

"नाही."

"नका लावू. इकडे तिला आत घेतलंय. मी दाराबाहेर आहे. जावई भिंतीला टेकून उभे आहेत, पांढरे पडलेत." ती थांबली. "विचारत होती, बाबा आले का म्हणून. मी म्हटलं, रस्त्यात आहेत."

बाइंडरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिक्का, मग परतीचा शिक्का, मग दोनशे चाळीस पावलं, मग अलीकडची खिडकी. सगळं सहाच्या आत. हवालदाराचा वेग वाढला होता, कारण आता तो काहीच नीट करत नव्हता. एक भोक सुटलं, तो मागे आला. बाइंडरने मांडीखालचे हात आणखी आत सारले. मुंग्या आल्या होत्या.

तिसाव्या भोकाशी दोरा ढिला पडून वर फुगून आला. हवालदार थांबला. त्याने घाम पुसला, पुस्तक वर धरलं आणि थेट बाइंडरकडे पाहिलं. काय विचारतोय ते कळायला फोनची गरज नव्हती. बरोबर आहे का?

पानं एका बाजूला सरकली होती. दोरा कुठं तारेसारखा ताणलेला, कुठं लोंबत होता. अशा कामासाठी बाइंडरने एकदा सख्ख्या मेहुण्याला दुकानातून काढलं होतं आणि तीन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. बरोबर नाही म्हटलं, तर हा माणूस उसवून पहिल्यापासून सुरू करील, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाइंडरने एक हात मांडीखालून काढला, अंगठा वर केला आणि म्हणाला, "उत्तम! असं काम बघितलं नाही."

हवालदार लाजून हसला आणि त्याने पुन्हा सुई टोचली.

"कोणाला म्हणताय उत्तम?" बायकोने विचारलं. तेवढ्यात तिच्या मागे कुठलंसं दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी भरभर बोललं, आणि ती "थांबा, थांबा" म्हणाली. ते नवऱ्याला होतं की तिकडच्या माणसाला, ते कळलं नाही. फोन चालूच होता, पण त्यातून नुसती पावलं ऐकू येत होती.

तेव्हा पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. एकतीस भोकं झाली होती, आठ बाकी होती.